वक्तृत्व क्लबची नोंदवही, भाग ३: स्टीलचा ग्लास घरी नेला

मागच्या नोंदीच्या वेळी आमच्या क्लबात अकरा जण होते आणि मी फार खुशीत होतो. भाषणं वेळेत संपत होती, अभिप्रायाचे फॉर्म छापून आले होते, हिरवी-पिवळी-लाल कार्डं लॅमिनेट करून घेतली होती. त्यानंतरच्या चार महिन्यांत बारा नवे लोक येऊन गेले. येऊन 'गेले' हेच खरं. दुसऱ्यांदा आला तो एकच, आणि तोही छत्री विसरला होता म्हणून.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आम्ही नाशिकला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून दोनदा जमतो. भाषा मराठी. पद्धत टोस्टमास्टर्सकडून, म्हणजे लोकांना भाषण करायला शिकवणाऱ्या जगभरच्या क्लबांच्या संस्थेकडून उसनी घेतलेली, त्यांचं सभासदत्व मात्र नाही. तयार भाषण पाच ते सात मिनिटं; पाचला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. आयत्या विषयावर एक ते दोन मिनिटं. मग प्रत्येक तयार भाषणावर दोन-तीन मिनिटांचा अभिप्राय. शिवाय एक जण वेळ बघतो, एक जण 'अं' मोजतो, एक जण भाषेवर कान ठेवतो. मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटी तपासणीत आहे. दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट काढायचा बावीस वर्षं पगार घेतोय. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

ग्लासचं प्रकरण

'अं' मोजायला आमच्याकडे स्टीलचा ग्लास आणि चमचा होता. कुणी 'अं', 'म्हणजे', 'काय आहे ना' म्हटलं की टिंग. बाहेरच्या काही क्लबांत घंटी वाजवतात असं ऐकलं होतं, त्याची ही देशी आवृत्ती. जुन्या लोकांना मजा यायची. टिंग झालं की बोलणारा हसायचा, आम्ही हसायचो.

जुलैत सटाण्याकडचा एक मुलगा आला. नाशकात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, वय तेवीस. दुसऱ्याच सभेत पहिलं भाषण करायला उभा राहिला. विषय कांदा. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, पावसाळाभर सडका निवडत बसायचं, बाजार चढेल म्हणून थांबायचं. मग ट्रॉली भरून मार्केटला रांग लावायची. व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातात, मूठभर कांदा हातात घेतात, बोली होते आणि पुढची ट्रॉली. तो म्हणाला, "चार महिने सांभाळलेल्या मालाचं पंधरा सेकंदात होऊन जातं. माझे वडील त्या पंधरा सेकंदांत कोणाकडेच बघत नाहीत. ते ट्रॅक्टरच्या टायरकडे बघतात."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. पण ग्लास अकरा वेळा वाजला, त्यातला एक टिंग या टायरच्या वाक्याच्या अगदी आधी. नंतर भाषेवर कान ठेवणाऱ्यांनी त्याच्या 'पानी', 'आनि', 'कोनी' यांची यादी वाचली. आणि मी अभिप्राय दिला. सतरा मुद्दे. फॉर्म अजून माझ्याकडे आहे. पंधरावा मुद्दा 'डावा हात खिशात' असा आहे.

पुढच्या दोन सभांना तो आला नाही. मी फोन केला. अभ्यास आहे, क्लासची वेळ बदलली, असं बरंच झालं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "सर, मी काय बोललो ते कोणीच नाय सांगितलं. पानी तेवढं सांगितलं."

ग्लास मी त्याच आठवड्यात घरी नेला. बायको म्हणाली, "हा सेटमधला सहावा. वर्षभर शोधतेय."

'पण'च्या आधीचं कौतुक

तुमच्यापैकी बरेच जण अभिप्रायाला 'सँडविच' वापरतात: आधी कौतुक, मध्ये सुधारणा, शेवटी पुन्हा कौतुक. आम्हीही वापरायचो. मला आता ते पटत नाही. "फार छान बोललात" ऐकल्याबरोबर समोरच्याचे खांदे वर जातात, कारण 'पण' येणार हे त्याला ठाऊक असतं. तो कौतुक ऐकतच नाही, 'पण'ची वाट बघतो.

आता आमच्याकडे अभिप्राय देणाऱ्याने पहिल्या वाक्यात फक्त एवढंच सांगायचं: तुमच्या बोलण्यातून माझ्यापर्यंत काय आलं. चांगलं-वाईट नाही, काय आलं ते. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. पहिल्या महिन्यात निम्म्यांना ते सांगताच आलं नाही, कारण ऐकताना ते दोषच टिपत होते. त्यांत मी पहिला.

दुसरा बदल कार्डाचा. भाषण करणारा आधीच एका कोऱ्या कार्डावर लिहून देतो, 'आज मला हे सांगा'. एकच गोष्ट. आवाज मागे पोचतो का, सुरुवात लांबते का, हात कुठे जातात, जे हवं ते. तेवढ्यावरच बोलायचं. कार्डावर नाही ते मनात ठेवायचं.

याने सगळं गोड झालं असं समजू नका. सप्टेंबरमध्ये उलटं टोक गाठलं. प्रत्येक भाषणाला टाळ्या, प्रत्येक अभिप्रायात 'मनाला भिडलं'. एक जुने सभासद, बँकेतून निवृत्त झालेले, उठून म्हणाले, "इथे आता वाईट बोलायची सोयच राहिली नाही. मग चांगलं बोललो हे मला कळणार कसं?" बरोबर होतं त्यांचं. कार्डावर मोघम काही लिहायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा. 'कसं वाटलं ते सांगा' लिहिलेलं कार्ड परत देतो.

बाईंशी झालेला वाद

भाषेच्या यादीवरून मात्र चांगलंच वाजलं. आमच्या एक सभासद निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांचं म्हणणं: उद्या हा मुलगा मुलाखतीला जाईल, तिथे 'पानी' म्हटल्यावर समोरचा काय विचार करेल हे तुम्हाला माहीत आहे. आपण आत्ता गोड बोलून त्याचं नुकसान करतोय. आणि मग ओघात न्यायमूर्ती रानडे आले, पुण्याची १८७५ ची वसंत व्याख्यानमाला आली, महाराष्ट्रात वक्तृत्वाला एक इयत्ता होती वगैरे.

त्यावर बँकवाले काका म्हणाले, "बाई, ती व्याख्यानमाला चालवणाऱ्या सभेचं नाव काय? वक्तृत्वोत्तेजक सभा. उत्तेजक! वक्तृत्वपरीक्षक नव्हे." बाई हसल्या, पण मागे हटल्या नाहीत.

माझं स्वतःचं मत असं की आपल्याकडे बोलायची भीती शाळेतच भरली जाते, आणि ती याच वाटेने. एक ऑगस्टची आठवण काढा. टिळक पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठे जयंती. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." ते चार शब्द आपले नसायचे. गुरुजींनी लिहून दिलेले, घोकलेले, आणि मध्ये एखादा निसटला की सगळी शाळा हसायची. चाळिशीतला माणूस आमच्या हॉलमध्ये उभा राहिला की अजून त्याच सुरात सुरू होतो. कंपनीत रोज तीस माणसांना कामं वाटून देणारा सुपरवायझर इथे 'गुरुजनवर्ग' म्हणतो!

तोडगा असा निघाला. भाषेवर कान ठेवणारा आता चुका मोजत नाही, शब्द वेचतो. आज ऐकलेले तीन शब्द, जे आपल्याकडे नव्हते. कांद्याच्या भाषणातून 'गोल्टी' मिळाला होता, बारीक कांद्याला म्हणतात तो. एका अहिराणी बोलणाऱ्या ताईंकडून 'बठ्ठा', म्हणजे सगळा. आणि ज्याला न-ण, श-ष नीट करून हवेत त्याने तसं कार्डावर लिहायचं. बाई सभेच्या आधी पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर बसतात. सटाण्याचा मुलगा ऑक्टोबरमध्ये परत आला. नोव्हेंबरच्या त्याच्या कार्डावर काय असावं? 'न आणि ण'. बाईंनी ते कार्ड मला दुरून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं दाखवलं.

दार, खुर्ची, चहा

हे पटकन सांगतो. पूर्वी पाहुणा आला की शेवटी सूत्रसंचालक म्हणायचा, "आता आपल्या पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत." आदरानेच म्हणायचा. पण बोलायला घाबरतो म्हणून जो माणूस इथे आला, त्यालाच न विचारता उभं करायचं! आता दारातच चहा देताना विचारतो, आज बोलायचंय की नुसतं ऐकायचंय. बहुतेक जण ऐकायचंय म्हणतात आणि मग खुर्चीला टेकून बसतात.

नवा माणूस दाराजवळच्या खुर्चीत बसतो, त्याला पुढे बोलवायचं नाही. आपल्यातल्या एकाने त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.

अरे-तुरेचा प्रश्न तुमच्याकडेही असेल. चहाला कुणी काहीही म्हणो, व्यासपीठावरच्या माणसाला वयाचा हिशोब न करता 'तुम्ही'. बारावीतल्या एका मुलीला बँकवाले काका म्हणाले, "तुमच्या भाषणातून माझ्यापर्यंत असं आलं की..." आणि ती मागे वळून बघायला लागली, कुणाला म्हणतायत म्हणून.

नव्यांना पहिलं काम वेळ बघायचं देतो. हातात कार्डं आणि स्टॉपवॉच, शेवटी उभं राहून फक्त आकडे वाचायचे: अमुक, सहा मिनिटं दहा सेकंद. व्यासपीठावरचं ते पहिलं वाक्य, आणि ते चुकायची भीती नाही. एक ताई चार सभा वेळच बघत होत्या. पाचव्या सभेला भाषण.

त्या भाषणाची गंमत नव्हे, धडधड सांगायची आहे. दोन मिनिटांनी त्या अडकल्या. पूर्ण कोऱ्या. आम्हाला वाटलं धीर द्यावा, म्हणून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं संपवा म्हणतायत. "धन्यवाद" म्हणून खाली बसल्या. चहाच्या वेळी हे कळलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. तेव्हापासून कुणी अडकलं तर टाळी नाही, शब्द पुरवणं नाही, मोबाइलकडे बघणं नाही. आधी जसं बघत होतो तसंच बघत राहायचं. डिसेंबरमध्ये त्याच ताई पुन्हा अडकल्या. बावीस सेकंद, स्टॉपवॉचवर मोजलेले. खालच्या रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. मग त्यांनी पाणी प्यायलं, म्हणाल्या, "हं, तर सासूबाई," आणि पुढे चालू.

वेळ आणि किल्ल्या

आमची सभा रविवारी सकाळी आठला असायची, नंतर मिसळ. बायकांची हजेरी कायम दोन-तीनच. मी समजत होतो की त्यांना रस नसावा. कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं, रविवारी सकाळी आठला सगळं घर नाश्त्याला टेबलाशी असतं आणि ओट्याशी कोण असतं ते वेगळं सांगायला नको. टोस्टमास्टर्सने बायकांना १९७३ मध्ये प्रवेश दिला हे मी एका भाषणात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, जणू आमच्याकडे दार पहिल्यापासून उघडंच. आता सभा शनिवारी चारला. मिसळ गेली, तिचं दुःख आहे. बायका सात-आठ येतात.

जानेवारीत आईच्या ऑपरेशनमुळे मी तीन आठवडे नव्हतो. एक सभा झालीच नाही, कारण हॉलची किल्ली, कार्डं आणि बोलणाऱ्यांची यादी माझ्या कपाटात. टोस्टमास्टर्सचे संस्थापक राल्फ स्मेडली यांचा टिकलेला क्लब १९२४ चा, कॅलिफोर्नियात सांता ॲनाच्या वायएमसीए या तरुणांच्या संस्थेच्या तळघरातला. पण पहिला प्रयोग त्यांनी १९०५ मध्येच इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला केला होता. नोकरीत बदली होऊन ते दुसऱ्या गावी गेले की मागचे क्लब विझायचे. कपाट उघडताना मला तेच आठवत होतं. आता किल्ली बाईंकडे, यादी सटाण्याच्या मुलाकडे. कार्डं हॉलमध्येच राहतात.

गेल्या शनिवारी

उपस्थिती एकोणीस, त्यात पाहुणे तीन. मी खूप महिन्यांनी तयार भाषण केलं, आईच्या दवाखान्यातल्या रात्रींवर. अभिप्राय सटाण्याच्या मुलाकडे होता. त्याने सांगितलं, त्याच्यापर्यंत असं आलं की मी तिथे रात्रभर सलाइनचे थेंब मोजत होतो, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. हे मी भाषणात म्हटलं नव्हतं. थेंबांचा उल्लेख एकदाच होता.

मग त्याने माझं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "सरांनी इथे काहीच लिहिलं नाय. त्यामुळे मला पुढे बोलता येत नाही."

कार्ड खरंच कोरं होतं. नियम माझाच. येत्या सभेला माझं नाव पुन्हा यादीत आहे, त्याने परस्पर लिहिलंय, आणि कार्ड आधी मागितलंय.