तोगित्सु ते निशिझाका: आईच्या नवसाची चाल

तोगित्सुच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. समोर ओमुराची खाडी, पाणी अगदी संथ, पण वाऱ्याने हातमोज्यांतही बोटं आखडत होती. धक्क्याजवळ एक दगडी स्मारक आहे. भावाने मोबाईलच्या उजेडात त्यावरचं वाचून सांगितलं, "जपानचे सव्वीस संत इथे किनाऱ्याला लागले." मी खिशातून आईची माळ काढली आणि त्या गार दगडाला टेकवली. तारीख होती 5 फेब्रुवारी.

क्रुसावर मारलेल्या त्या सव्वीसांतला एक आमच्या वसईचा. संत गोन्सालो गार्सिया.

आमच्या भागात हे नाव माहीत नसलेलं घर सापडणार नाही. गासचं ख्रिस्तमंदिर त्याच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं, आणि माझ्या चुलत्यांपैकी दोघांची नावं गोन्सालो. पण नाव रोज कानावर पडलं की माणूस दिसेनासा होतो, तसं माझं झालं होतं. मला तो दिसू लागला तो बाबांवर किटाळ आलं तेव्हा.

बाबा एका पतपेढीत रोखपाल होते, एकोणतीस वर्षं. टेबलावर ओल्या स्पंजाची गोल डबी, बोट टेकवायचं आणि नोटा मोजायच्या, ओठांतल्या ओठांत नाही, तर चांगल्या ऐकू येईल अशा आवाजात. दर रविवारी मिस्सेत पहिलं वाचनही त्यांचंच असायचं. मग एका ऑडिटमध्ये मोठी तूट निघाली. कागद असे फिरले, की ज्यांनी पैसे काढले ते बाजूला राहिले आणि सह्या बाबांच्या म्हणून अफरातफरीचा गुन्हा बाबांवर दाखल झाला. एकवीस दिवस ते आत होते. पुढे साडेचार वर्षं तारखा. शेवटी निर्दोष सुटले, निकालपत्रात तसं स्पष्ट लिहिलं आहे, पण त्या साडेचार वर्षांत बाबांनी वाचन सोडलं, मोजणं सोडलं, हळूहळू बोलणंच सोडलं. भाजीवाल्याने परत दिलेली चिल्लरसुद्धा ते न मोजता खिशात टाकतात. स्पंजाची डबी अजून कपाटात आहे, सुकून टणक झालेली.

आईने त्या काळात गासला नोव्हेना केला. नंदाखालहून संध्याकाळी निघायची, अनवाणी, तासाभराची चाल. नऊ संध्याकाळ. मी एकदा चिडून विचारलं होतं, "आई, तुझ्या संताला स्वतःला तरी न्याय मिळाला का? त्याला तर क्रुसावर मारला. तो काय आपली केस सोडवणार?" आई म्हणाली, "केस सोडव असं मी मागतच नाही. बाबांचा आवाज परत दे म्हणते. तो दुभाषी होता ना, त्याला आवाजाची किंमत कळते." आणि नवस बोलली, की बाबा सुटले तर त्याच्या शेवटच्या वाटेवर चालून येईन. बाबा सुटेपर्यंत आईचे गुडघे गेले. म्हणून नवस तिचा आणि पाय माझे. धाकटा भाऊ फुकुओकात नोकरीला आहे, त्याने रजा काढली. निघताना आईने एकच सवलत दिली, "तिथे बर्फ असतो म्हणतात. बूट घाल, चालेल त्याला."

"तो दुभाषी होता" हे आईचं वाक्य मला फार उशिरा कळलं. गोन्सालोचा जन्म वसईचा, 1557च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. तिचं नाव कुणी नोंदून ठेवलेलं नाही, आणि मुलगा संत झाला तरी आईला नाव नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं. येशूसंघीयांच्या हाताखाली तो शिकला, कोवळ्या वयात त्यांच्यासोबत जपानला गेला आणि जपानी भाषा त्याच्या जिभेवर बसली. पुढे व्यापार केला, मनिलाला गेला, तिथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सहून वकिलात घेऊन हिदेयोशीकडे आले, तेव्हा त्यांच्या वतीने बोलला तो आमचा गोन्सालो. वसईच्या एका बाईचा मुलगा जपानच्या सत्ताधीशासमोर उभा राहून दोन देशांमधलं बोलणं इकडून तिकडे पोचवत होता.

1596च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला, संशय वाढला, मिशनरी म्हणजे पुढून येणाऱ्या फौजेचे हेर असं हिदेयोशीच्या मनाने घेतलं. शिक्षेच्या फर्मानाची पाटी कैद्यांच्या पुढे नाचवत नेली. त्यावर गुन्हा लिहिलेला होता, की हे लोक लुझोनहून, म्हणजे फिलिपाइन्सहून, वकील म्हणून आले आणि मनाई असलेला धर्म शिकवत राहिले. म्हणजे ज्या वकिलातीत गोन्सालोने भाषांतर केलं तीच त्याच्या गळ्याला लागली. बाबांच्या सह्यांची मला इथे फार आठवण झाली. प्रामाणिकपणे केलेलं काम उलटवून त्याचाच पुरावा करायचा, ही रीत नवी नाही.

आणि एक गोष्ट मी मनापासून लिहिते, कारण ती टाळणं बरं नाही. त्याच शतकात आमच्या वसईत पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली. ज्यांची देवळं गेली त्यांचंही दुःख अन्यायाचंच होतं. गोन्सालोचं रक्त हे काही त्या सत्तेच्या बाजूचं प्रमाणपत्र नाही. तो सत्तेच्या हाताखाली चिरडलेल्यांच्या रांगेत उभा आहे, आणि ती रांग कुठल्याही एका धर्माची नाही.

आम्ही चालायला लागलो. तोगित्सु ते निशिझाका, म्हणजे नागासाकीतली त्यांना मारलं ती टेकडी, साधारण 12 किलोमीटर. त्या सव्वीसांसाठी हा महिन्याभराच्या वाटेचा शेवटचा तुकडा होता. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या, गाड्यांवरून धिंड काढली, आणि भर थंडीत सुमारे 800 किलोमीटर नागासाकीपर्यंत आणलं. निघताना चोवीस होते. वाटेत त्यांची काळजी घ्यायला दोघे सोबत चालले होते, त्यांनाही धरून सव्वीस केले. 4 फेब्रुवारीची रात्र त्यांनी याच खाडीत होड्यांमध्ये काढली, हात बांधलेले. अधिकाऱ्यांना लोकांच्या गर्दीची भीती होती म्हणून पहाटेपर्यंत उतरू दिलं नाही.

रस्ता आज हमरस्ता आहे. दुकानं, पेट्रोलपंप, शाळेत निघालेली पिवळ्या टोप्यांची मुलं. मी माळ जपत होते. दर दहा नमो मरियेंनंतर "संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं आणि पुढचा मणी धरायचा. मुलं दिसली की मणी हातात थांबायचा, कारण त्या सव्वीसांत तीन मुलगे होते, बारा, तेरा आणि चौदा वर्षांचे. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत मिहाराच्या किल्ल्यातून आईला पत्र लिहिलं होतं. ते पोचलंच नाही. त्याच क्रुसांच्या रांगेत मेलेल्या त्याच्या बापाच्या कपड्यांत ते नंतर सापडलं, रक्ताने भिजलेलं.

भावाने मला तोगित्सुतल्या एका खडकाची गोष्ट सांगितली. कड्यावर असा टेकलेला, की आता पडेल, मग पडेल. एक मासेवाला बांगडे घेऊन नागासाकीच्या बाजाराला चालला होता. खडक पडला की मग जाऊ म्हणून थांबला. खडक काही पडला नाही, बांगडे सडून गेले. मी चालता चालता थांबलेच. साडेचार वर्षं आमच्या घरावर तसाच एक खडक होता. मोठ्या बहिणीचं लग्न थांबलं, माडीचं काम थांबलं, नाताळात करंज्यासुद्धा कशाबशा व्हायच्या. गोन्सालोपुढेही खडक होताच, आणि त्याचा तर खरंच पडणार होता. तरी तो खालून चालत गेला.

उराकामीत आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. इथल्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यापाशी त्या दिवशी कैद्यांचा तांडा थोडा वेळ थांबला होता. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली, आणि याच उराकामीच्या शेतकऱ्यांनी अडीचशे वर्षं, धर्मगुरूशिवाय, आईबापांकडून मुलांकडे असा विश्वास चोरून जपला. 1865 साली ते उघडपणे पुढे आले. 1868पासून सुमारे 3,400 जणांना घरांतून उठवून देशभर हद्दपार केलं. सहाशेहून अधिक परत आले नाहीत. 1873मध्ये सुटून आलेल्यांनी त्या साऱ्या छळाला नाव काय द्यावं? 'ताबी'. म्हणजे प्रवास. आपण वारी म्हणू.

परत आल्यावर त्यांनी जागा विकत घेतली ती ज्या गावप्रमुखाच्या घरात त्यांना पवित्र चित्रांवर पाय द्यायला लावत तीच, आणि तिथे कॅथीड्रल बांधलं. 9 ऑगस्ट 1945च्या सकाळी अणुबॉम्ब पडला तो तिथून अवघ्या 500 मीटरांवर. उराकामीच्या 12,000 कॅथलिकांपैकी सुमारे 8,500 गेले. आजचं मंदिर 1959चं. दाराशी त्या दिवशीचे दगडी संत तसेच ठेवले आहेत. मी एकाच्या बाहीवरून बोट फिरवलं. दगड वरून काळा, आणि जिथे टवका उडालाय तिथे आतून फिका, जळलेल्या भाकरीसारखा.

एक म्हातारी तिथे पायऱ्या झाडत होती. कुठून आलात म्हणून विचारलं. भावाने सांगितलं, गोन्सालो गार्सियाच्या गावाहून. तिने झाडू भिंतीला टेकवला, वाकून नमस्कार केला आणि काहीतरी लांबलचक बोलली. भाऊ क्षणभर गप्प. मग म्हणाला, "ताई, ती विचारतेय, त्याच्या गावात अजून ख्रिस्ती लोक आहेत का?"

माझा घसा दाटून आला. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, युरोपीय धर्मगुरू गेले, किल्ल्यातली मंदिरं पडीक झाली, पण आमच्या खापरपणज्यांनी माळ सोडली नाही. "आहोत म्हण," मी भावाला म्हटलं. "खूप आहोत." त्याने ते जपानीत सांगितलं. माझ्याच भावाच्या तोंडून माझे शब्द दुसऱ्या भाषेत जाताना मी पाहत होते, आणि आईचं वाक्य तेव्हा मला पुरतं कळलं.

निशिझाकाची टेकडी फार उंच नाही. रेल्वे स्टेशनाजवळच आहे, पण शेवटचा चढ पोटऱ्यांना जाणवतो. त्या काळी सामान्य गुन्हेगारांना मारायची जागा जवळच वेगळी होती. इथल्या क्रुसांना खिळे नव्हते, मान, हात आणि पाय लोखंडी कड्यांनी जखडले होते. गोन्सालो सरळ एका क्रुसाकडे गेला आणि विचारलं, "हा माझा का?" नाही म्हणाले. दुसऱ्यापाशी नेलं, तेव्हा गुडघे टेकून त्याने तो कवटाळला. त्याच्याविषयीचा हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिथे उभं राहिल्यावर मला त्यातला प्रश्नच जास्त ऐकू आला. कुणाच्या वाट्याचा क्रूस कुणाला, हे विचारायचा हक्क त्याने शेवटपर्यंत सोडला नव्हता. मग दोन्ही बाजूंनी भाले.

त्या सव्वीसांतल्या पौल मिकीने क्रुसावरून हिदेयोशीला क्षमा केली. आमच्यावर वेळ आली तेव्हा "क्षमा करा, विसरून जा" असं सांगायला पुष्कळ जण आले, आणि फार लवकर आले. मला आता ठामपणे वाटतं, की क्षमेचा शब्द क्रुसावरच्या माणसाने बोलायचा असतो. खाली उभ्या असलेल्यांनी आधी लोखंडी कडी काढावीत.

1862मध्ये हे सव्वीस जण संत म्हणून घोषित झाले आणि 1962मध्ये, शंभर वर्षांनी, इथे स्मारक उभं राहिलं. शिल्पकार यासुताके फुनाकोशी. काशाच्या सव्वीस मूर्ती एका ओळीत. क्रूस दाखवलेले नाहीत. पावलं खाली लोंबती, टाचा जमिनीला न टेकलेल्या, जणू सगळे हळूहळू वर निघालेत. तीन मूर्ती बुटक्या, ते मुलगे. आमचा गोन्सालो जवळजवळ मधोमध, हात जोडून. मी माळ परत काढली, आणि मग आधी घरी फोन लावला.

सव्वाअकरा झाले होते, वसईत पावणेआठ. आई सकाळची मिस्सा करून आली होती, डोक्यावरचा पदर तसाच. "पोचले, आई," म्हटलं, तिने क्रुसाची खूण केली आणि रडू लागली. मी मोबाईल स्मारकाकडे वळवला. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज, "जरा मागे हो. सगळे दिसत नाहीत."

मी दहा पावलं मागे सरकले. भावाने माझा हात धरून कोपर स्थिर केलं.

"आता एका टोकाने फिरव. सावकाश."

मी फिरवत गेले. मोबाईलमधून बाबा मोजत होते, नोटा मोजायचे तसेच, मोठ्याने. एक. दोन. तीन. मुलगे आले तिथे थोडे अडखळले, पण थांबले नाहीत. टेकडीवर वारा होता, मी फोन कानाजवळ आणला तर चित्र हलेल म्हणून तसाच धरून ठेवला. पंचवीस.

"सव्वीस," बाबा म्हणाले. "बरोबर आहेत."