कूलर बंद करा, मग 'ज' म्हणा

"आवाज छान आहे, निवेदन का करत नाहीस?" असं चार जणांनी म्हटलं की माणूस पहिल्यांदा माइक विकत घेतो. इथेच घाई होते. नागपुरात राहून टीव्हीचं निवेदन, जाहिराती किंवा डबिंग करायचं असेल तर आधी कान तयार करावा लागतो. इथली मराठी हिंदीच्या शेजारी नांदते, आणि शेजारणीच्या सवयी आपल्याला कधी लागल्या ते बोलणाऱ्याला कळतही नाही.

स्वरचाचणीत, म्हणजे आवाजाच्या निवड-परीक्षेत, सगळ्यात जास्त गोची होते ती 'च' आणि 'ज'ची. 'चार'मधल्या च-ला जीभ टाळूला लागते, 'चारा'मधल्या च-ला दातांच्या मागे. 'जग' आणि 'जगणं', 'माझी' आणि 'माझा' यांचंही तेच. हिंदीत दातांमागचा च नाहीच, त्यामुळे सतत हिंदी बोलणाऱ्याचे सगळे च-ज टाळूवर जातात आणि मराठी ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं. पुढे इ, ई किंवा य असेल तर उच्चार टाळूचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले चंद्र, जल, जय हेही टाळूचेच. 'चार'सारखे अपवाद मात्र पाठ करावे लागतात. सरावाला गावातलीच नावं पुरतात: जयप्रकाश नगरातला ज आणि जरीपटक्यातला ज एकच वाटत असेल, तर अजून महिनाभर माइक घेऊ नका. स्क्रिप्टवर दातांच्या प्रत्येक च-ज-झ खाली पेन्सिलने टिंब द्या.

'पाणी', 'कोण', 'डोळा'च्या जागी 'पानी', 'कोन', 'डोया' ही दुसरी अडचण. प्रमाण निवेदनात हे चालत नाही, पण लाज वाटून ते पुसून टाकू नका. बियाणं, खत, ट्रॅक्टरच्या जाहिरातींत खरी वऱ्हाडी बोलणारा आवाज लागतो, आणि बाहेरचे कलाकार ती बहुधा ओढूनताणून बोलतात. तिचा डेमो, म्हणजे काम मागताना ऐकवायचा आवाजाचा नमुना, वेगळा ठेवा.

आता खोली. नागपूरच्या मे महिन्यात कूलर लावला की रेकॉर्डिंग संपलं, आणि बंद केला की माणूस संपतो. मोटर आणि पंख्याची घरघर सॉफ्टवेअरने काढू असं वाटतं. ती निघते, पण जाताना स, श, ह यांच्या कडा खाऊन जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा पहाटे ५ ते ७ गाठा, कूलर आणि पंखा बंद, फ्रिजही तेवढा वेळ बंद. भिंतीचा प्रतिध्वनी मारायला महागडा फोम लागत नाही. कापसाच्या दोन जुन्या गाद्या पाठीमागे आणि बाजूला कोपरा करून उभ्या केल्या की बरंच काम भागतं, कारण माइक तुमच्या तोंडाकडे, म्हणजेच तुमच्या मागच्या भिंतीकडे पाहत असतो. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी काही होत नाही.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर, थोडा तिरका, म्हणजे प-फ-भ चा फटका थेट बसत नाही. पॉप फिल्टर, म्हणजे तो फटका अडवणारी माइकपुढची जाळी, हवाच. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सॉफ्टवेअरच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहावा, शांतता उणे ६०च्या खाली. टेक सुरू करण्याआधी १० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये जोड झाकायला ती लागते. पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा, दमटपणाने तो चरचरतो. आणि रात्री सावजी, सकाळी रेकॉर्डिंग ही जोडी टाळा. आम्ल वर येऊन घसा खरखरतो. तर्री-पोहे काम झाल्यावर.

३० सेकंदांच्या जाहिरातीत मराठीचे साधारण ६० शब्द नीट बसतात. स्क्रिप्ट ८५ शब्दांची येते, वर शेवटी दहा अंकी फोन नंबर, आणि तो वाचायलाच ५ सेकंद जातात. वेग वाढवू नका, शब्द कापून मागा. श्वास कुठे घ्यायचा ते तिरप्या रेघेने आधीच ठरवा, नाहीतर तो नेमका ब्रँडच्या नावाआधी येतो.

डबिंगचं गणित वेगळं. संवादाआधी कानात तीन बीप पडतात, चौथा जिथे पडला असता तिथून तोंड उघडायचं. पडद्यावरचे ओठ मिटतात तिथे प, ब, भ, म यांपैकी काही यावं, म्हणून शब्दांचा क्रम बदलावा लागतो. 'करतो आहे' लांबलं तर 'करतोय'.

नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ पासून आहे, दूरदर्शन केंद्रही आहे. नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांच्या निवडीची जाहिरात अधूनमधून निघते. लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी. ड्युट्या मात्र मोजक्याच मिळतात, त्यावर घर चालत नाही. शिस्त मिळते: सेकंदकाट्यावर बोलणं थांबवायची सवय दुसरीकडे इतकी पक्की होत नाही.

खाजगी कामासाठी डेमो ६० ते ९० सेकंदांचा, एकेक नमुना १० ते १५ सेकंद, सर्वांत चांगला पहिला, मागे संगीत नको. दर ठरवताना आवाज कुठे, किती महिने आणि कोणत्या माध्यमात वापरणार ही ओळ करारात लेखी घ्या. एकदा रेडिओसाठी दिलेला आवाज पुढे टीव्हीवरही वाजतो, तो याच ओळीअभावी. हल्ली आणखी एक ओळ घालावी लागते: या रेकॉर्डिंगवरून कृत्रिम आवाज बनवायचा नाही. ती समोरच्याने खोडली, तर दर दुप्पट सांगून काही उपयोग नाही, काम सोडा.