बोटीवरची नोकरी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं जॉयनिंग लेटर

दापोली-गुहागरपासून देवगड-मालवणपर्यंत बारावी झालेल्या मुलाच्या मोबाईलवर तीन तऱ्हेच्या नोकऱ्या येतात: बोटीवरची, आखातातली आणि घरबसल्या करायची. तिन्हींत फसवणूक आहे, पण घर बुडतं ते बोटीच्या नावाने. आपल्याकडे वाडीत कोणी ना कोणी खरंच बोटीवर असतो, त्याने बांधलेलं घर रोज डोळ्यांसमोर असतं. म्हणून एजंटाने दोन-तीन लाख मागितले तरी ते आईवडिलांना रास्तच वाटतात. बांगड्या मोडतात, आंब्याच्या हंगामाचे पैसे जातात.

तर आधी हे पक्कं करून घ्या. भारतातून खलाशी भरती करायला नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारक कंपनीला नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि ठरलेली मेडिकल यांचा खर्च तुमचा, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. बोटीवर जाण्याआधीच्या कोर्सची फी असते, पण ती मान्यताप्राप्त संस्थेच्या खात्यात भरायची आणि पावती संस्थेचीच घ्यायची. एजंटाच्या गुगल पेवर नाही.

परवाना तपासताना बरेच जण अर्ध्यावर थांबतात. जॉयनिंग लेटरवरचा आरपीएसएल नंबर डीजी शिपिंगच्या यादीत सापडला की जीव भांड्यात पडतो. पण भामटा नंबर बनवत बसत नाही, खऱ्या कंपनीचाच उचलतो. म्हणून यादीत कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना आज चालू आहे की रद्द, हे तिन्ही बघा. फोन नंबर पत्रावरचा घेऊ नका. तो यादीतून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या आणि त्या नंबरवर विचारा की या नावाने, या बोटीसाठी, तुम्ही पत्र दिलंय का. सगळ्यात जास्त उपयोग याच एका फोनचा होतो.

आता ते पत्र हातात घेऊन नीट वाचा. वर रंगीत नांगर, खाली गोल शिक्का, याला भुलू नका. ईमेलमध्ये अ‍ॅटच्या पुढे कंपनीचं नाव हवं, तिथे जीमेल असेल तर तिथेच शंका घ्या. मग बोटीच्या नावाशेजारचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, बघा. तो कागदावरच पडताळता येतो. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच सातवा आकडा. समजा नंबर 9123456 आहे. 63, 6, 10, 12, 12 आणि 10 मिळून 113 होतात, म्हणजे शेवटी 3 हवा होता, पत्रात 6 आहे. असा नंबर कुठल्याच बोटीचा असू शकत नाही. हिशोब जुळला म्हणून पत्र खरं ठरत नाही, खऱ्या बोटीचं नावही चोरता येतं. पण जुळला नाही तर पुढे तपासायची गरजच उरत नाही.

पदही बघा. कोर्स न केलेल्या मुलाला ‘डेक कॅडेट’, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून कोणी घेत नाही. ‘कोर्स नको, परदेशी सीडीसी काढून देतो, आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ असं कोणी म्हणालं, तर ते पोर परक्या बंदरात पगाराविना अडकेल हे धरून चाला. आणि सही करण्याआधी नोकरीचा करार वाचायला मिळालाच पाहिजे. विमानतळावर देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

आखाताचा नियम वेगळा आहे. तिथे एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, तेही पावतीने. थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये ‘डेटा एन्ट्री’ची मोठ्या पगाराची नोकरी सांगत असतील तर मुलाला पाठवूच नका. तिथे कोंडून ठेवून लोकांकडून सायबर फसवणूक करून घेतली गेली आहे.

घरबसल्या कामांत दोन सापळे नेहमीचे. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे, सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरंच येतात, मग ‘प्रीपेड टास्क’, म्हणजे आधी पैसे भरून करायचं काम, सुरू होतो आणि स्वतःचेच पैसे काढायला आधी टॅक्स मागतात. जे थोडे आले तेही दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, म्हणून तुमचंही खातं गोठतं. दुसरा सापळा फॉर्म भरण्याचा. करारावर सही घेतात, काम मुद्दाम नापास करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस धाडतात. आमच्या गावाकडची माणसं कोर्टाच्या नावाने घाबरतात, आणि पोरी तर घरात बोलतही नाहीत. त्यांना सांगा की पैसे भरू नका, नोटीस घेऊन पोलीस ठाण्यात जा. आणि आपलं बँक खातं ‘कमिशनवर वापरायला’ कुणालाही देऊ नका, गुन्ह्यात तुमचं नाव येतं.

पैसे गेलेच तर उद्यावर ढकलू नका. लगेच 1930 वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. फोनआधी समोर ठेवा: आपली बँक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहार क्रमांक. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. त्या माणसाला ब्लॉक करण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर, खाते क्रमांक आणि तारीख दिसतील असे. रोख दिले असतील तर कुठे, कधी, कुणासमोर, हे त्याच दिवशी लिहून काढा. आणि एजंटाकडे मूळ पासपोर्ट अडकला असेल तर तक्रारीत तो वेगळा लिहा. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते, एजंटाला तो दाबून ठेवण्याचा काहीच अधिकार नाही.