ई नाइन अलीकडे, सी सिक्स पलीकडे

पेडल स्टीलची ऑर्डर शेवटी दिली. ही आडवी गिटार: तारांवर धातूचा बार सरकवायचा आणि पायाच्या पेडलांनी, गुडघ्याच्या लिव्हरनी एकेका तारेचा सूर बदलायचा. माझी दोन नेकची, म्हणजे तारांच्या दोन पट्ट्यांची, प्रत्येक नेकवर दहा तारा. कारागिराच्या फॉर्ममध्ये मी सगळ्यात जास्त अडले ती एकाच रकान्यावर: कुठला नेक माझ्या बाजूला आणि कुठला पलीकडे. दोन्ही नेकचं ट्युनिंग वेगळं, एकाचं ई नाइन, दुसऱ्याचं सी सिक्स. सर्रास पद्धत म्हणजे सी सिक्स जवळ, ई नाइन लांब. मी उलटं लिहिलं. भाच्याचा ह्यूस्टनहून लगेच फोन, "आत्या, असं कोणी घेत नाही गं! नीट विचार केलायस ना?"

केलाय. तोच इथे मांडते.

ई म्हणजे आपली पांढरी तीन. तिथे षड्ज धरला, तर ई नाइनच्या मोकळ्या तारांत सा, रे, ग, प आणि दोन्ही निषाद मिळतात. राहिले मध्यम आणि धैवत, ते पायाखाली आहेत. पहिलं पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो, दुसरं दाबलं की गंधाराचा मध्यम. बार जागचा न हलवता देस आणि खमाजचे सगळे स्वर हातात! ज्यांनी हे ट्युनिंग बसवलं, त्यांच्या मनात देस असणं शक्यच नाही, पण मला मात्र त्यात देसच ऐकू येतो.

त्यातही माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या तारेत. तिच्यावर शुद्ध निषाद आहे. गुडघ्याने लिव्हर सरकवली की तो अलगद कोमल निषादावर उतरतो, आणि बाजूला षड्जाची तार जशीच्या तशी वाजत राहते. हवाईयन गिटारवर आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा याची किंमत. तिथे बार सरकला की सगळ्या तारा सरकतात. एकच स्वर हलवायचा तर बार तिरका धरायचा आणि सूर सांभाळताना घाम फुटायचा.

पहिली आणि दुसरी, म्हणजे रिषभाची आणि निषादाची, या दोन तारा अमेरिकन पेडल स्टील वादक बडी एमन्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वाढवल्या. त्या अगदी कडेला बसतात, वादकापासून सर्वांत दूर. ई नाइन पलीकडच्या बाजूला असेल तर या दोन तारा म्हणजे वाद्याची शेवटची सीमा. ह्यूस्टनला भाच्याच्या ओळखीच्या एका वादकाकडे मी बसून पाहिलं. माझी उंची पाच फूट. हाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा असतो, तर माझं कोपर अधांतरी आणि खांदा कानाला लागलेला. देसाचा अवरोह घेताना ज्या तारेवर थांबायचं, तीच सगळ्यात अवघड जागी.

रूढ मांडणीच्या बाजूचं खरं बळ वेगळंच आहे. दुसऱ्याच्या वाद्यावर बसलात, जुनं विकत घेतलंत, कुणाकडे शिकायला गेलात, तरी मांडणी तीच मिळते. अमेरिकेत नॅशव्हिलला, या वाद्याच्या गावी, राहणाऱ्याने तसंच घ्यावं. पण मालवणात मला दुसऱ्याचं पेडल स्टील कुठे भेटणार? इथे मी साथ करते ती भजनाला आणि नाट्यगीतांना. शेजारी हार्मोनियम आणि तबला, आणि सगळे बैठकीवर. एकटी मी स्टुलावर. उद्या हे वाद्य विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला त्रास होईल, हे कबूल. विकायचं मनात नाही.

मग एकाच नेकचं घेऊन दुसऱ्या नेकच्या जागी हात टेकायला गादी का नाही, असं भाच्याने विचारलं. कारण सी सिक्समध्ये सा, ग, प, ध आहेत. भूपाला फक्त रिषभ कमी. शिवाय त्याची सगळ्यात खालची तार ई नाइनच्या खालच्या तारेपेक्षा जवळजवळ सप्तकभर खोल जाते. काळी एकचा गवई असेल तर ई नाइनवर बार नवव्या पडद्यावर न्यावा लागतो, सी सिक्सवर पहिल्याच पडद्यावर. मंद्रातलं भरीव काही हवं असेल तेव्हा हा नेक लागणारच. पण अशी कामं कमी असतात आणि सावकाश असतात. तेवढ्यासाठी हात लांब करायला माझी हरकत नाही.

पेडलांचा क्रम बदलला नाही. डावीकडची तीन ई नाइनची, पुढची पाच सी सिक्सची. वाद्याच्या पोटातले आडवे दांडे दोन्ही नेकच्या खालून जातात, त्यामुळे कुठलंही पेडल कुठल्याही नेकला जोडता येतं. मात्र हे बांधतानाच सांगायला हवं. नंतर बदलायचं म्हणजे सगळ्या सळ्या पुन्हा जुळवत बसा.

वरून सनमायका सांगितलाय, लॅकर नको. आमच्याकडे पावसाळ्यात हार्मोनियमच्या पट्ट्यासुद्धा अडकतात.

आता कारागिराकडून लिव्हरची यादी यायची आहे. दुसऱ्या तारेची लिव्हर मला उजव्या गुडघ्यालाच हवी, असं आधीच कळवून ठेवलंय.