आईच्या पायाची जखम आणि समुद्री शेवाळाची पट्टी

आईच्या डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी जुना घट्टा होता. त्याच्याखाली जखम झाली तरी तिला कळलं नाही, कारण जुन्या मधुमेहाने पायाची संवेदनाच गेलेली. चादरीवर जखमेतून पाझरलेल्या लसीचा डाग दिसला तेव्हा उलगडा झाला.

जवळच्या दवाखान्यात रोज बेटाडीन आणि कोरडं गॉज सुरू झालं. सकाळी गॉज ओढलं की त्याला धरलेलं नवं मांसही निघून यायचं आणि जखम पुन्हा रक्ताळायची. आईला दुखत नव्हतं, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. जखम काही भरेना, म्हणून आम्ही मधुमेही पायांवर उपचार करणाऱ्या सर्जनकडे गेलो.

त्यांनी ड्रेसिंगचा विषय शेवटी काढला. आधी पायातला रक्तपुरवठा तपासला, हाडाला संसर्ग नाही ना हे बघायला एक्स-रे काढला, घट्टा आणि मेलेली कातडी काढून टाकली. जखमेवर भार येऊ नये म्हणून पायाला कास्ट, म्हणजे प्लास्टर घातलं, जखमेजवळ पट्टी बदलण्यापुरती खिडकी ठेवून. रक्तातली साखर आटोक्यात ठेवायचं वेळापत्रक नव्याने लावून दिलं. माझ्या मते हा क्रम प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. पाय जमिनीवर दाबला जात असेल तर कितीही भारी पट्टी लावा, जखम भरत नाही.

त्यानंतर आली अल्जिनेटची पट्टी. पाकिटातून निघते तेव्हा पांढरी, मऊ, पिंजलेल्या कापसाच्या थरासारखी दिसते. ती तपकिरी समुद्री शेवाळापासून बनते. त्या शेवाळातलं अल्जिनिक आम्ल स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच वेगळं काढलं होतं. पट्टीत ते कॅल्शियमच्या क्षाराच्या रूपात असतं. जखमेच्या लसीत सोडियम असतं. तंतूंमधलं कॅल्शियम बाहेर पडतं, सोडियम आत शिरतं आणि तंतू फुगून त्यांची जेल होते. लस शोषली जाते, पण जखम कोरडी पडत नाही.

खपली धरली म्हणजे जखम बरी, असंच आपण लहानपणापासून ऐकलेलं. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. नव्या पेशींना खपलीखालून वाट काढत बसावं लागत नाही.

पहिली पट्टी उघडली तेव्हा मात्र आम्ही हादरलो. आत पिवळट, बुळबुळीत लगदा आणि उग्र वास. आई म्हणाली, “अगं, यात पू झालाय बघ.” सिस्टर शांतपणे सलाईनने धूत राहिल्या. “आजी, पू नाही हा, पट्टीच विरघळलीये. धुतल्यावर वास जातो का ते बघायचं.” वास गेला. खाली लालचुटुक, दाणेदार मांस दिसत होतं, आणि या वेळी काही उपटलं गेलं नव्हतं. धुऊनही वास राहिला, लाली पसरली, पाय गरम लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं, हे सिस्टरनी मला बजावून सांगितलं.

पट्टी जखमेच्या मापाची कापायची, कडेच्या चांगल्या कातडीवर जाऊ द्यायची नाही, नाहीतर ती कातडी ओलाव्याने पांढरी पडते. कात्री निर्जंतुकच हवी आणि उघडलेल्या पाकिटातला तुकडा पुढच्या वेळेसाठी ठेवायचा नाही. किंमत साध्या गॉजच्या कितीतरी पट, त्यामुळे हे जिवावर येतं. पण पट्टी रोज बदलावी लागत नाही. इतर ड्रेसिंगपेक्षा अल्जिनेटने मधुमेही पायाची जखम लवकर भरते असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही, हेही सर्जननी स्वतःहून सांगितलं. लस किती येते, रुग्णाला काय सोसतं आणि काय परवडतं, यावर ते पट्टी ठरवतात.

शेजारच्या काकू केळीचं पान लावा म्हणाल्या. त्यात तथ्य आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून त्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पान चिकटत नाही आणि अगदी स्वस्त पडतं. पण ती पानं निर्जंतुक केलेली होती. परसातलं पान आईच्या पायाला लावायला मी ठाम नकार दिला.

लस कमी झाली तसे अल्जिनेटचे तंतू सुकून जखमेला धरायला लागले. सर्जननी ती पट्टी लगेच बंद केली आणि सेल्युलोजपासून केलेली जेल सुरू केली. कडांकडून गुलाबी कातडी सरकत आली आणि जखम मिटली.

अशी भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून आई आता घरातही एमसीआरची, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराची चप्पल घालते. देवघरात चप्पल नको म्हणून ती अडून बसली होती, तर तिथल्यासाठी वेगळा कोरा जोड करून घेतला. रोज रात्री आरशात तळवे बघणं चालू आहे, आणि घट्टा धरायला लागला की घरी ब्लेड न लावता सर्जनकडून काढून आणतो.