तापलेल्या हवेने गार कसं करायचं?

२८ जानेवारी २०२५. नागपूरच्या मिहानमध्ये, विमानदुरुस्तीच्या हँगरात रात्रपाळी होती आणि माझा बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा, एका मोठ्या विमानाच्या टर्बाइनमध्ये गेलेला. दहाच्या सुमारास हँगरच्या दुसऱ्या टोकाला टाळ्या वाजल्या. तिकडे कॅलिफोर्नियात, मोहावीच्या आकाशात बूम कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला होता, माक १.१२२, म्हणजे ध्वनीच्या १.१२२ पट. पोरं मोबाईलवर लाइव्ह बघत होती.

मला जागचं हलता येत नव्हतं. आम्ही इंजिन उघडून तपासतो असं बाहेरच्यांना वाटतं. उघडत नाही, करंगळीएवढ्या भोकातून बघतो. एक जण गिअरबॉक्सला हत्यार लावून टर्बाइन हळूहळू फिरवतो, दुसरा स्क्रीनवर ब्लेड मोजतो. मोजणी चुकली की पहिल्यापासून. त्या क्षणी समोर जे ब्लेड होतं, त्याच्या पुढच्या कडेचं सिरॅमिक कोटिंग उडालं होतं. खालचा धातू निळसर काळा, गार हवेची तीन छिद्रं बुजलेली, भोवती चकचकीत थर. आखातातल्या विमानतळांवरची बारीक धूळ इंजिनात जाते, ज्वलनकक्षात वितळते आणि ब्लेडवर काच होऊन बसते.

आमचा अप्रेंटिस धावत आला. "मॅडम, आपलं इंजिन काहून नाही जात इतक्या जोरात? एवढं तं मोठं आहे!"

मी त्याला तेच ब्लेड दाखवलं. ३५-४० हजार फुटांवर बाहेर उणे ५६ अंश असतं. आपलं विमान माक ०.८५ने जातं तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी हवा दाबली जाऊन उणे २५च्या आसपास येते. बूमचं प्रवासी विमान ओव्हर्चर माक १.७ने जायचं आहे. तिथे तीच हवा जवळपास ७० अंशांवर पोचते, हवा दाबणारा कॉम्प्रेसर लागायच्या आधीच. आणि टर्बाइनची ब्लेडं गार ठेवायला आपण कॉम्प्रेसरचीच हवा त्या छिद्रांतून सोडतो. आपल्या इंजिनाचे खरे हाल टेकऑफच्या काही मिनिटांत होतात, वर गेलं की ते सुटतं. सुपरसॉनिकला, म्हणजे ध्वनीहून वेगवान विमानाला, ती सुटकाच नाही, समुद्र ओलांडेपर्यंत तापतच राहायचं.

पेपरवाले माकचा आकडा छापतात. इंजिन विंगवरून न उतरवता किती तास टिकेल हे एकही बातमीदार विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो. एक्सबी-१ला तीन जे८५ होती, लढाऊ आणि प्रशिक्षण विमानांची जुनी, आफ्टरबर्नरवाली इंजिनं, म्हणजे जादा जोरासाठी मागच्या झोतात आणखी इंधन जाळणारी. ओव्हर्चरसाठी रोल्स-रॉइसने सप्टेंबर २०२२मध्ये अंग काढून घेतलं, मग बूमने स्वतःचं सिम्फनी इंजिन हाती घेतलं, आफ्टरबर्नरशिवाय ३५,००० पौंड थ्रस्टचं, म्हणजे रेट्याचं. उडालेल्या विमानाचं कौतुक मलाही आहे. पण टाळ्या पडल्या त्या रात्री संपूर्ण सिम्फनी एकदाही पेटलेलं नव्हतं.

इकडे प्लॅनिंगचा फोन. "मॅडम, लिमिटमध्ये बसवा ना, सकाळी विमान द्यायचंय." हे लोक ब्लेड बघायला कधी खाली येत नाहीत. मोजमाप दोनदा घेतलं. लिमिटच्या आत होतं, अगदी काठावर. पुढची तपासणी लवकर करायची या अटीवर मॅन्युअल विमान सोडू देतं. तेवढंच मी लिहिलं. त्या 'लवकर'वरून तासभर वाद झाला. एक सायकलही, म्हणजे एक उड्डाणही, वाढवून दिली नाही.

पहाटे चहाला अप्रेंटिस म्हणाला, "मंग ते हवा आधी गार करून आत सोडा ना." पोरगा हुशार आहे. गार करणार कशाने, हा प्रश्न. बाहेरची हवा तर आत घेतानाच तापते. उरतं इंधन. काँकॉर्ड या जुन्या सुपरसॉनिक प्रवासी विमानात एसीची आणि इंजिन ऑइलची उष्णता इंधनातच सोडत. त्यात टर्बाइन गार करणाऱ्या हवेच्या उष्णतेची भर पडली तर टाक्या रिकाम्या होत आल्यावर, शेवटच्या तासाला, उरलेलं इंधन किती तापेल? हा हिशेब आम्ही दोघं अजून मांडतोय.