भाकर आजची

मी ख्रिस्ती. शेजारच्या मावशी आषाढी कधी चुकवत नाहीत. यंदा गुडघे ऐकेनात आणि मुलांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी मला गळ घातली. "तू चल गं. तू तुझ्या प्रभूचं नाव घे, माझ्या विठोबाचं मी घेते." पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला सोबत करायची, त्यात विचारायचं काय?"

मन तेव्हा थाऱ्यावर नव्हतं. यांनी उमेदीची सगळी वर्षं ज्या कारखान्यात चादरी विणल्या तो बंद पडला होता आणि पतपेढीचा हप्ता काही थांबत नव्हता. रविवारी उपासनेत ओठ गायचे, डोकं हिशोब करायचं.

सोलापूर मागं पडलं. तिऱ्ह्याला सीनेच्या पुलावर दिंडीनं तुकोबांचा 'ठेविले अनंते' धरला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक. टाळांच्या त्या गजरात मला मात्र बायबलातला प्रेषित पौल आठवत होता. भरल्या पोटी असो की उपाशी, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो, असं त्यानं फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला कळवलं, तेही कैदेतून. हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असणं आणि पोटात उतरणं यात फार अंतर असतं.

माझ्या पिशवीत कडक भाकरी होत्या आणि शेंगाचटणी. आपली सोलापूरची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, म्हणूनच घेतलेली. पहिल्याच मुक्कामी मावशी म्हणाल्या, "वाटून टाक."

"आणि उद्याला काय, मावशी?"

"उद्याचं उद्या. तो बघतो की!"

मला रानातला मान्ना, देवानं आकाशातून दिलेलं अन्न, आठवला. इस्राएल लोकांना तो रोज सकाळी मिळायचा, आणि ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' एवढंच आहे. मी रोज तीच प्रार्थना म्हणत होते आणि मनात वर्षभराची भाकर मागत होते. पिशवी रिकामी केली. कर्नाटकातून आलेल्या एका आजींना दात नव्हते. त्यांनी तुकडा चहात बुडवून ठेवला, मऊ होईपर्यंत शांत बसून राहिल्या, मग चटणीचं बोट चाटत मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कामतीच्या पुढं एका वस्तीवरच्या बाईनं आम्हाला बसवून गरम पिठलं वाढलं.

त्या रात्री तंबूत प्रार्थनेला बसले तेव्हा बऱ्याच काळानं काही मागितलं नाही. प्रभू बरोबर आहे, एवढं पुरलं.

मंगळवेढ्यात चोखोबांची आठवण निघाली. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते तिथंच गेले, 1338 साली. पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे, कारण जिवंतपणी त्यांना आत घेतलंच नाही. मावशी दर्शनबारीत उभ्या राहिल्या, मी गर्दीत समाधीजवळ थांबले. माझा प्रभूही वेशीबाहेरच मेला. ज्याला दाराबाहेर ठेवलं, त्याच्याच तोंडी एवढं प्रेम कुठून येतं, हे मला तिथं उमगलं. माणसांनी काय दिलं, काय नाकारलं, यावर ते अवलंबूनच नसतं. माझ्या आजोबांचं घरही गावकुसाबाहेरच होतं. मी तिथंच हात जोडून येशूचे आभार मानले.

यांना अजून कायमचं काम नाही; टॉवेलच्या एका कारखान्यात रोजावर जातात. हप्ता थकलेलाच आहे आणि हिशोबाची वही मी आजही उघडते, पण प्रार्थना झाल्यावर. वही मिटली की झोप लागते.